गाडी न घेता ल्युसर्न: आजी-आजोबा, दोन मुलं आणि एकच मुक्काम. जमेल का?

सायलीची_आई

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जिने नकोसे होतात, पण सपाटीवर अर्धा तास सहज चालतात. सासरे ठणठणीत आहेत आणि आगगाडी दिसली की त्यांना बाकी काही सुचत नाही.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच साचा दिला. दोन रात्री झ्युरिक, दोन ल्युसर्न, दोन इंटरलाकेन, मग जिनिव्हा. दर दोन दिवसांनी सहा जणांच्या बॅगा भरायच्या आणि लहानग्याचा राहिलेला मोजा पलंगाखाली शोधायचा, हे मला नको आहे. ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं, सगळा मुक्काम तिथेच करावा, सकाळी निघून संध्याकाळी घरी परत यावं, असं माझ्या मनात आहे. भाड्याची गाडीही नको. नवरा म्हणतो, दोन लहान आणि दोन वयस्कर सोबत असताना गाडी हवीच.

तुमचं काय मत? कुणी असं राहिलंय का? पासांचा घोळ कुणी नीट समजावून सांगेल का? आणि आठवडाभर एकाच गावात मुलं कंटाळतील का?

झुगकर

तुमचा विचार शंभर टक्के बरोबर आहे. मी ल्युसर्नपासून आगगाडीने वीसेक मिनिटांवर राहतो, भारतातून येणारे नातेवाईक गेली काही वर्षं तिथेच उतरवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ल्युसर्नची खरी गंमत नकाशात बघा. रेल्वे स्टेशन, बसचा थांबा आणि बोटींचे धक्के एकाच चौकात आहेत. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर दगडी कमान दिसते. ती जुन्या स्टेशनाची. १९७१च्या आगीत स्टेशन गेलं, कमान राहिली. तिच्याखालून पुढे आलं की रस्ता ओलांडायचा, समोर बोट उभी. चाकाची बॅग ओढत गेलात तरी पाच मिनिटं लागत नाहीत. शेजारी ज्याँ नुव्हेलनं बांधलेलं संगीतगृह आहे, त्याचं छप्पर थेट पाण्यावर पुढे आलंय. जुनं गाव नदीपलीकडे आणि ते जवळजवळ सगळं पायी फिरायचं.

झ्युरिक विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. तिथून ल्युसर्नला थेट गाडी असते, नाहीतर झ्युरिकच्या मुख्य स्टेशनात एकदा बदलायची. साधारण सव्वा तास धरा.

आता मुख्य मुद्दा. सरोवराच्या आसपास पिलाटुस, रिगी, टिटलिस, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस असे पाच डोंगर आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता याच स्टेशनाच्या चौकातून सुरू होतो. सकाळी उठायचं, डोंगरांवरचे थेट कॅमेरे मोबाइलवर बघायचे, जिथे ऊन असेल तिकडे निघायचं. सगळीकडे ढग असतील तर संग्रहालय. दोन-दोन रात्रींच्या आराखड्यात हे करता येत नाही. तिथे टिटलिसचा दिवस मंगळवारी ठरलेला असतो, मंगळवारी वर धुकं असलं की दिवस गेला.

ताकभात

एकच मुक्काम +१. मुलांना संध्याकाळी "घरी" जायचं असतं, हॉटेलवर नाही.

कोथरूडकर

मी गाडीच्या बाजूने बोलतो. आम्ही सात आसनी गाडी घेऊन फिरलो होतो. वाटेत हवं तिथे थांबता येतं, मूल झोपलं तर झोपू देता येतं, आजीचं औषध, पाण्याच्या बाटल्या, जास्तीचे स्वेटर सगळं मागे टाकता येतं. सहा माणसांचे पास म्हणजे मोठी रक्कम होते. गाडीचं भाडं सहा जणांत वाटलं तर स्वस्त पडतं, हे कागदावर मांडून बघा.

झुगकर

@कोथरूडकर, थांबण्याची मोकळीक खरी आहे, फुर्का किंवा ग्रिम्झेलसारखे घाट करायचे असतील तर गाडीला पर्याय नाही. पण मे महिन्यात हे उंच घाट बर्फामुळे बहुधा बंदच असतात.

आणि सहा जणांत वाटण्याचा हिशोब इथे बसत नाही. पाच वर्षांच्या मुलाला तिकीटच नाही. नऊ वर्षांची मुलगी, आई किंवा बाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर फॅमिली कार्डावर फुकट. ते कार्ड पास काढतानाच मागून घ्यायचं. म्हणजे पैसे चारच जणांचे. गाडीला मात्र दोन चाइल्ड सीट लागतील, बारा वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्या सक्तीच्या आहेत. शिवाय शहरातलं पार्किंग, मोटारमार्गाचा स्टिकर, वेगमर्यादेचे दंड.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यातल्या एकाही शिखरावर गाडी जात नाही. गाडी खाली ठेवायची, वर जायचं आणि गाडीसाठी पुन्हा त्याच बाजूला उतरायचं. गाडी नसेल तर एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं. पिलाटुसचंच बघा. ल्युसर्नहून बोटीने आल्पनाखश्टाड, तिथून दातेरी रेल्वेने वर, उतरताना केबल कारने क्रीन्स, क्रीन्सहून एक नंबरची बस थेट स्टेशनात. एकही मीटर रस्ता दुसऱ्यांदा येत नाही. गाडीवाल्याला यातली निम्मी फेरी मिळते.

बाबागाडी

पिलाटुसच्या दातेरी रेल्वेबद्दल एक सूचना. उतार इतका तीव्र आहे की डब्याच्या आतली बैठक पायऱ्या-पायऱ्यांची आहे. बाबागाडी घडी करावीच लागते. गुडघेदुखीवाल्या माणसाने खालच्या टोकाच्या कप्प्यासाठी न थांबता, जिथे फलाटाची पायरी सोयीची असेल तिथेच बसावं. रिगीची गाडी त्या मानाने सोपी, डबा सरळ असतो. आजींसाठी मी पहिला डोंगर रिगी निवडेन.

दख्खनची_राणी

आजोबांना आगगाडीचं वेड आहे हे वाचून राहवलं नाही.

पिलाटुसची रेल्वे १८८९ची, चढ ४८ टक्के, जगातली सगळ्यात तीव्र चढाची दातेरी रेल्वे. नेहमीच्या पद्धतीत दात्यांची पट्टी रुळांच्या मधे असते आणि चाक तिला वरून चावतं. इतक्या चढावर ते चाक पट्टीवरून वर उचललं जाण्याची भीती होती. म्हणून एडुआर्ड लोखर या अभियंत्याने दाते आडवे केले, पट्टीच्या दोन्ही बाजूंना, आणि दोन चाकं डावी-उजवीकडून ती पकडतात. आल्पनाखश्टाडच्या स्टेशनात उभं राहून रुळांच्या मधे वाकून पाहिलं की दोन्हीकडचे दाते स्पष्ट दिसतात. आजोबांना ते दाखवाच.

रिगी त्याच्याही आधीची. फिट्झनाऊहून वर जाणारी गाडी १८७१मध्ये सुरू झाली, युरोपातली पहिली डोंगरावरची रेल्वे. तिचा कर्ता निकलाउस रिगेनबाख.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात, म्हणजे फेरकेअर्सहाउसमध्ये, 'मगर' नावाचं विजेचं इंजिन आहे. दोन लांब नाकाडं आणि मधे खोली, गॉटहार्डच्या घाटासाठी बनवलेलं. ते पाहून पुण्या-मुंबईच्या जुन्या माणसांना ओळखीचं वाटेल, कारण याच घराण्यातलं इंजिन आपल्या बोरघाटात आणि थळघाटात मालगाड्या ओढायचं. त्याला आपल्याकडे 'खेकडा' म्हणत. त्यातली पहिली काही इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बनली होती. एक खेकडा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जपून ठेवलाय. निघण्याआधी मुलांना तो दाखवून आणलात तर ल्युसर्नला मगर बघताना आजोबांना सांगायला गोष्ट तयार.

सायलीची_आई

@दख्खनची_राणी, हा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांनी खेकडा कर्जतला स्वतः पाहिलाय म्हणे! रविवारी वरळी नक्की.

@बाबागाडी, सासूबाईंचा पहिला डोंगर रिगी, लिहून ठेवलं.

नर्मदेचा_गोटा

आम्ही वेगळ्या वाटेने गेलो होतो, मोठ्या ग्रुप टूरने. ल्युसर्नला बस थांबली, सिंह बघा, पूल बघा, घड्याळं घ्या, परत बसमध्ये या. तो सिंह मला अजून आठवतो. डोंगराच्या कड्यातच कोरलेला, पाठीत भाला रुतलेला, पंजा ढालीवर. १७९२मध्ये पॅरिसच्या राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस शिपायांचं ते स्मारक आहे, १८२१चं. समोर तळं आहे. मला तिथे स्वस्थ बसायचं होतं, पण शिट्टी वाजली. बायको म्हणाली, पुन्हा येऊ तेव्हा इथे डबा खाऊ. तेवढ्यासाठी तरी पुन्हा जायचंय.

पुण्याची_पमा

ग्रुप टूरला अगदीच मोडीत काढू नका. माझे आई-वडील सत्तरीचे, इंग्रजी बोलायला बिचकतात. त्यांना रोज रात्री गरम पोळी-भाजी मिळाली, बरोबरीची चार माणसं मिळाली, अजून त्यांचा गप्पांचा गट चालू आहे. ज्यांच्याबरोबर मुलगा-सून नाहीत त्यांच्यासाठी टूर हा चांगला मार्ग आहे. सायलीची आई स्वतः बरोबर आहेत, म्हणून त्यांना एकच मुक्काम जमेल.

नर्मदेचा_गोटा

@पुण्याची_पमा, हे पटलं.

ताकभात

खाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी सुरुवात करते. मेतकूट, उपम्याचं भाजून ठेवलेलं पीठ, पोहे, लोणचं, थालीपिठाची भाजणी हे सगळं न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणायला बंदी आहे.

तुपाची काळजी नको. तिथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात 'ब्राटबुटर' मिळतं, ते कढवलेलं लोणीच. वरण-भातावर घातलं की आमच्या आजेसासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त आणखी थोडं मागितलं. 'क्वार्क' नावाचं दही चक्क्यासारखं लागतं. केशर आणि वेलदोडा घरून नेला होता, श्रीखंड झालं.

बाहेर खायचं तर त्या भागाचा शाकाहारी पदार्थ म्हणजे 'एल्प्लरमाग्रोनन'. मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वरून तळलेला कांदा आणि सोबत सफरचंदाचा रस्सा. मुलं ताट चाटतात. कधी कधी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून आधी विचारा. फोंड्यूत पांढरी वाइन असते, तेही लक्षात असू द्या. मुलांना देताना विचार करा.

अंबाडीची_भाजी

पाणी विकत घेऊ नका. गावोगावी कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याचं असतं. नसेल तिथे 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असते. प्रत्येकाची बाटली हाताशी ठेवा, एवढंच.

म्युनिकचा_मंग्या

मुक्कामाला इंटरलाकेन का नको? युंगफ्राऊ, लाउटरब्रुनेन, ग्रिंडेलवाल्ड, सगळं हाताच्या अंतरावर. उंच डोंगर बघायला गेलात तर ते तिकडे आहेत. ल्युसर्नचे डोंगर त्यांच्यापुढे बुटके.

झुगकर

@म्युनिकचा_मंग्या, उंचीचं खरं आहे. पण लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असताना बुटकेपणा हाच गुण ठरतो. रिगी १,७९८ मीटर, पिलाटुस २,१०० मीटरच्या थोडा वर, श्टान्सरहॉर्न १,८९८. कुणाला चक्कर नाही, धाप नाही. उंचीची आणि बर्फाची हौस टिटलिसवर भागते, तिथे केबल कार ३,०२० मीटरपर्यंत नेते. शेवटचा टप्पा स्वतःभोवती फिरणाऱ्या केबिनचा, १९९२पासून. सासूबाईंना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांनी मधल्या ट्रुबझेला थांबावं. तिथे तळं आहे, काठाने सपाट वाट आहे.

दुसरं म्हणजे शहर. पावसाचे दोन दिवस आले तर इंटरलाकेनला मुलांना घेऊन काय करणार? ल्युसर्नला करण्यासारखं खूप आहे.

दख्खनची_राणी

आणि इंटरलाकेन एका दिवसात बघून येता येतं. ल्युसर्नहून ब्रुनिगच्या घाटातून थेट गाडी जाते, दोन तासांच्या आत. ल्युसर्नला बसताना उजवीकडची खिडकी धरा. सार्नेनचं आणि लुंगर्नचं तळं उजवीकडे आहे. माइरिंगनला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे तुमची तीच खिडकी डावीकडे येते आणि पुढे ब्रिएन्झचं सरोवरही डावीकडेच लागतं. एकाच जागेवर बसून तिन्ही तळी! मधे घाटात दाते लागतात तेव्हा गाडीचा आवाज आणि वेग बदलतो, मुलांना डोळे मिटून ओळखायला सांगा.

बाबागाडी

पावसाळी दिवसासाठी वाहतूक संग्रहालय हेच पहिलं उत्तर. १९५९पासूनचं आहे आणि मुलांना हात लावू देणारं आहे. अंगणात स्विसएअरचं जुनं कोरोनाडो विमान उभं आहे. ओग्युस्त पिकार यांचं नाव दिलेली पाणबुडी आहे, ती १९६४च्या प्रदर्शनात माणसांना जिनिव्हाच्या सरोवरात खाली घेऊन जायची. एका दालनात सबंध देशाचा हवाई फोटो जमिनीवर पसरलाय आणि त्याच्यावरून चालता येतं. आमची मुलं त्या जमिनीवर पालथी पडून कालचा डोंगर शोधत होती. बाहेर काढायला फार मिनतवारी करावी लागली. बसने जा, लोकलने जा, बोटीने जा, किंवा ऊन असेल तर काठाकाठाने चालत.

कोथरूडकर

बोटी चांगल्या आहेत हे मान्य. पण त्या संथ असतात. पाच वर्षांचं मूल तासभर बसेल?

झुगकर

@कोथरूडकर, मूल बसणार नाही, फिरेल. बोटीचा फायदाच तो. आणि शक्यतो वाफेची बोट धरा. या सरोवरात वल्ह्यांच्या चाकांच्या पाच जुन्या वाफेच्या बोटी आहेत: 'उरी' १९०१ची, 'उंटरवाल्डन' १९०२, 'शिलर' १९०६, 'गालिया' १९१३ आणि सगळ्यात धाकटी 'श्टाट ल्युसर्न' १९२८ची. वेळापत्रकात कुठल्या फेरीला वाफेची बोट आहे ते वेगळ्या खुणेने दाखवतात.

बोटीच्या मधोमध यंत्राचा चौक उघडा असतो. कठड्याला धरून खाली बघायचं. मांडीएवढे जाड पोलादी दांडे वर-खाली होत असतात, पितळ लखलखीत घासलेलं, यंत्रावरचा माणूस हातात तेलाची झारी घेऊन फिरत्या सांध्याला तेल देतो. गरम तेलाचा वास आणि तोंडावर ऊब येते. धक्का जवळ आला की वरून हुकूम येतो, तो चाक फिरवतो, सगळे दांडे थांबतात आणि उलटे फिरायला लागतात. बाजूच्या काचेतून पाणी कापणारी चाकाची पाती दिसतात. पाच वर्षांचं मूल तिथून हलत नाही, आणि आजोबाही.

ल्युसर्न ते फिट्झनाऊ साधारण तासभर. दुसऱ्या वर्गाचा पास असेल तर खालचा मजला आणि पुढचा भाग तुमचा, वरचा मजला पहिल्या वर्गाचा.

सायलीची_आई

नवऱ्याने हा प्रतिसाद दोनदा वाचला. गाडीचा विषय आज निघाला नाही.

पासाचं मात्र अजून डोक्यात शिरत नाहीये. आणि एक नवीन भर: नणंदेचा मुलगा, बारा वर्षांचा, तोही येतोय. म्हणजे आता सात. त्याचे आई-बाबा नाहीत बरोबर.

झुगकर

सोपं करून सांगतो.

स्विस ट्रॅव्हल पास सबंध देशात चालतो. आगगाड्या, बस, बोटी, शहरांतल्या ट्रॅम. सलग तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवस, किंवा महिन्याभरात तुम्ही निवडाल ते दिवस. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस त्यात पूर्ण येतात. पिलाटुस आणि टिटलिसला निम्मं तिकीट.

टेल पास फक्त मध्य स्वित्झर्लंडचा. दोन ते दहा दिवसांचा मिळतो. त्यात पिलाटुस आणि टिटलिससुद्धा पूर्ण येतात, बोटीही. मुलांना वेगळा, बराच स्वस्त दर. पण झ्युरिक विमानतळ आणि बर्न त्याच्या बाहेर.

हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि जवळजवळ सगळ्याचं तिकीट निम्मं करतं. दोन-तीनच मोठ्या सहली आणि बाकी दिवस गावात, असं ठरलं तर हे उत्तम.

तुम्ही सरोवराच्या आसपासच राहणार आणि पाचही डोंगर हवेत, तर मी टेल पास घेईन आणि विमानतळाचं येणं-जाणं वेगळं काढेन. बर्न, ऱ्हाईनचा धबधबा हे सगळं खुणावत असेल तर स्विस ट्रॅव्हल पास. दर बदलत असतात, त्यामुळे आकडे त्या दिवशीचे बघूनच मांडा.

भाच्याचं असं की स्विस ट्रॅव्हल पासाचं फॅमिली कार्ड आई-वडिलांबरोबरच्या मुलांसाठी आहे. मामा-मामीबरोबरच्या भाच्याला ते नाही, त्याला निम्म्या दरात पास मिळतो. टेल पास घेतलात तर हा प्रश्नच येत नाही, मुलांचा दर त्यालाही लागू.

आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या. त्यावर ल्युसर्न शहराच्या मधल्या टापूत बस-लोकल फुकट आहे. ज्या दिवशी गावातच राहाल त्या दिवशी पासाचा दिवस खर्च करायचा नाही.

अंबाडीची_भाजी

बस-ट्रेनला फाटक नसतं, कुणी तिकीट बघत नाही असं वाटतं. तपासनीस मधेच चढतो आणि दंड जबर असतो. बाराच्या भाच्याचा पास त्याच्याच खिशात द्या, सोबत पासपोर्टची प्रत. आणि दारं आपोआप उघडत नाहीत, बटण दाबावं लागतं. ते काम मुलांकडे सोपवा.

म्युनिकचा_मंग्या

मी वाचत वाचत ल्युसर्नच्या बाजूला सरकलोय. :) श्टोसचं कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. श्वित्सपर्यंत आगगाडी, पुढे बस, मग जगातली सगळ्यात तीव्र चढाची दोरखंडाची रेल्वे, ११० टक्के, डिसेंबर २०१७पासून. डबे पिंपासारखे गोल आहेत आणि चढ वाढला की पिंप फिरतं, त्यामुळे पायाखालची जमीन कायम सपाट राहते. पिलाटुससारखा पायऱ्यांचा प्रश्न नाही, आजींना एकदम सोयीचं. वरचं गाव मोटारींशिवाय आहे. रिगी काल्टबाडही तसंच.

ताकभात

म्हणजे आपलं माथेरान! दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी. मुलांना मोकळं सोडता येतं याचं सुख माथेरानला गेलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे.

पुण्याची_पमा

गावातच घालवायच्या दिवसाबद्दल सांगते, कारण लोक तो दिवस ठेवतच नाहीत. आम्हाला तोच सगळ्यात आवडला.

लाकडी पूल सगळे बघतात. चौदाव्या शतकातला, ऑगस्ट १९९३च्या आगीत बराचसा जळाला, छपराखालची बहुतेक चित्रं गेली, पुढच्या वर्षी पुन्हा उभा केला. काही जळकी चित्रं रिकाम्या चौकटींच्या शेजारी आहेत. पण तसंच नदीच्या काठाने खाली चालत जा, दुसऱ्या लाकडी पुलाकडे. तिथे पाण्यात एक बांध आहे, नुसत्या उभ्या लाकडी फळ्यांचा. सरोवराचं पाणी वाढलं की माणसं येऊन हाताने एकेक फळी काढतात, उतरलं की परत लावतात. एकोणिसाव्या शतकापासून हे असंच चाललंय. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी जोरात असतं, फळ्यांच्या फटींतून हिरवट पांढरं उसळतं, बोललेलं ऐकू येत नाही. आमची मुलं कठड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

मग मागच्या टेकडीवर जुन्या तटाची भिंत आहे, नऊ बुरुजांची. त्यातल्या घड्याळाच्या बुरुजाला मान आहे, गावातल्या बाकी सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले द्यायचा. बुरुजात जिने आहेत, आजींना खाली गवतावर बसवा. आणि संध्याकाळी उफ्श्योट्टीवर जा. सरोवराकाठची सार्वजनिक हिरवळ आहे, फुकट. मे महिन्यात पाणी गार असतं, पण पाय बुडवायला कोण अडवतंय.

दख्खनची_राणी

फळ्यांच्या बांधाचं मला माहीत नव्हतं. यादीत घेतलं.

झुगकर

हवामानाचं स्थानिक माणसं कसं बघतात ते सांगायचं राहिलं. पिलाटुस गावातून कुठूनही दिसतो. इथे म्हण आहे की पिलाटुसने टोपी घातली, म्हणजे माथ्यावर ढगाची लहानशी टोपी असली, तर हवा चांगली राहणार. त्याने तलवार लावली, म्हणजे ढगाचा लांब पट्टा अंगावर तिरका आला, तर पाऊस. मुलांना रोज सकाळी खिडकीतून बघून सांगायचं काम द्या. कॅमेरे तुम्ही बघाच, पण निर्णय त्यांनी दिला असं होऊ द्या.

पिलाटुसवर ड्रॅगन राहत असे अशीही जुनी कथा आहे. वर कड्याच्या आतून कोरलेली ड्रॅगनची वाट आहे, खिडक्यांतून खाली दरी दिसते. भाचा खूश होईल.

सायलीची_आई

मंडळी, ठरलं. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतलंय. गाडी नाही. नवऱ्याने स्वतःच टेल पासाचा हिशोब मांडला आणि भाच्यासकट तोच स्वस्त पडतोय. इंटरलाकेनचा एक दिवस वेगळा ठेवायचा की नाही यावर घरात अजून वाद चालू आहे. सासरे त्या उजव्या खिडकीसाठी हटून बसलेत.

दोन प्रश्न राहिले. आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात पोचतोय आणि तोही रविवारी. पिलाटुसची रेल्वे तेव्हा चालू असते का? आणि रविवारी दुकानं बंद म्हणतात, मग पहिल्या रात्री खायचं काय?

झुगकर

पिलाटुसची दातेरी रेल्वे हिवाळ्यात बंद असते आणि बर्फ हटला की मे महिन्यात केव्हातरी सुरू होते. पहिल्या आठवड्यात धरून चालू नका. पिलाटुस मुक्कामाच्या शेवटी ठेवा आणि तोवर सुरू झाली नाही तर क्रीन्सकडून केबल कारनेच वर-खाली करा. आजोबांची दात्यांची हौस रिगीवर भागेल, ती गाडी वर्षभर चालते.

रविवारी गावातली दुकानं खरंच बंद असतात. पण स्टेशनाच्या तळघरातली उघडी असतात. गाडीतून उतरलात की सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने खाली जा, दूध, ब्रेड, दही, तांदूळ, टोमॅटो आणि ते ब्राटबुटर तिथेच घ्या, मग घराकडे निघा. आणि इमारतीतलं कपडे धुण्याचं यंत्र सामायिक असेल तर त्याचे वार मालकाला आधीच विचारून ठेवा. रविवारी बहुतेक ठिकाणी ते लावू देत नाहीत.

ताकभात

पहिल्या रात्री मुगाची खिचडी. डाळ घरून न्या.